पीठ लागलेल्या हातांची कबुली

१

"ही गाडी मी चालवतच नव्हते," तिसऱ्या रांगेतली बाई म्हणाली आणि सगळा वर्ग हसला.

हसणारच. माझ्या वर्गात येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. दंडगुण चाळीस झाले की वाहन परवाना बंद, जितके गुण तितके दिवस. मग त्यातले थोडे दिवस कमी व्हावेत म्हणून लोक माझ्यासमोर येऊन बसतात आणि जांभया देत माझं व्याख्यान ऐकतात. सिग्नल तोडणारे, फोनवर बोलत गाडी हाकणारे, शाळेसमोरून सुसाट जाणारे. चूक एकाचीही नसते. सिग्नल लबाड असतो, कॅमेरा लबाड असतो, बायको गाडीत भांडत असते. गेली अकरा वर्षं मी, ताक मि-रान, या रडकथा ऐकते आहे आणि मला त्यांचा मनापासून वीट आला आहे.

मी त्या बाईलाही झापणारच होते. पण तिनं पुढे जे सांगितलं त्यानं माझी जीभ अडखळली.

तिचं नाव पांग ओक-जा. वय पन्नाशीचं, विधवा, आमच्या तालुक्यातली गावबस चालवते. गाडी तिच्या थोरल्या दिराची. सप्टेंबरातल्या एका रविवारी तिला सोक्चोनच्या शाळेसमोरच्या कॅमेऱ्यानं वेगात टिपलं. शाळेसमोर दंडगुण दुप्पट, म्हणजे तीस. ओक-जाच्या नावावर आधीचे पंधरा होतेच, पिवळ्या दिव्यावर बस दामटल्याचे. ते तिनं मुकाट्यानं मान्य केलं होतं.

"नोटीस गाडीच्या मालकाला येते," मी म्हणाले. "मालकानं नुसता दंड भरला की मिटलं. कॅमेऱ्याला चेहरा ओळखू येत नाही, त्यामुळे दंडगुण कुणाच्याच नावावर चढत नाहीत. गाडी मीच चालवत होतो असं कुणी आपणहून सांगितलं तरच ते चढतात. मग तू सांगितलंसच कशाला?"

"मी नाही सांगितलं, बाई."

"मग कुणी सांगितलं?"

"पोलीस म्हणतात, मीच. माझ्याच फोनवरून, त्यांच्या ऑनलाइन अर्जात माझाच चेहरा दाखवून."

वर्ग पुन्हा हसला. मी डस्टर टेबलावर आपटला तेव्हा गप्प झाला.

२

वर्ग सुटल्यावर मी तिला समोरच्या टपरीत नेलं आणि दोघींसाठी गरम नूडल्स मागवल्या. तिनं खाल्ल्या नाहीत. डिसेंबरात बस कंपनी करार नव्यानं करते आणि परवाना बंद असलेल्या चालकाला ठेवत नाही. मालकाचा भाचा तिच्या मार्गावर डोळा ठेवून बसलेलाच होता. नवरा गेल्यावर तिच्यापाशी उरलं होतं ते एवढंच, ती बस आणि डेपोच्या वरची एक खोली.

घरच्यांनी काय सांगितलं, असं मी विचारलं. पंचेचाळीस दिवस काय, बघता बघता जातील, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. माझं डोकं तिथेच तडकलं. दुसऱ्याच्या पोटावर पाय येतो तेव्हा दिवस फार भराभर जातात.

तो रविवार तिनं मला नीट सांगितला. छुसोकच्या सणाआधी सगळी घरं करतात तसं योम कुटुंबही डोंगरावर पूर्वजांच्या समाधींवरचं गवत काढायला गेलं होतं. थोरला दीर योम जोंग-पिल, त्याची बायको चुन-ही, धाकटा दीर सांग-गु आणि ओक-जा, एवढेच चौघे. सगळे जोंग-पिलच्या पांढऱ्या गाडीतून गेले. ओक-जाच्या नवऱ्याची समाधी बाकीच्यांपेक्षा बरीच खाली, वळणापलीकडे आहे. ती एकटीच तिथे दाताळ्यानं गवत गोळा करत होती.

"गाडी मध्येच कुणी नेली का?"

"मला कसं कळणार? गवत कापायचं यंत्र सकाळपासून जे लागलं ते पूजेपर्यंत एकदाही थांबलं नाही. कान किटले होते."

"गाडी तू चालवलीसच नाहीस?"

"परत येताना चालवली ना. बाकीच्यांनी नैवेद्याची दारू घेतली होती, मी पीत नाही. पण मी मागच्या रस्त्यानं आणली, शाळेवरून नाही. आणि बाई, त्या शाळेवरून माझी बस दिवसभर जाते-येते. तो कॅमेरा मला माझ्या घराच्या दारापेक्षा जास्त ओळखीचा आहे. तिथे मी कशाला पळवीन?"

हे मला पटलं. आणखी काही वेगळं घडलं का, असं मी विचारलं. ती जरा घुटमळली.

"वेगळं म्हणजे, यंदा माझ्या नवऱ्याला दुकानातली दारू वाहिली. दरवर्षी जाऊबाई घरी गाळलेली नेतात. यंदाही नेलेली मी पाहिली होती. पण पूजेच्या वेळी हिरवी बाटली निघाली. मला वाईट वाटलं. मी काही बोलले नाही."

"बोलायचंस की."

"धाकट्या जावेनं बोलायचं असतं होय, बाई?"

मग मी तिला तिची कबुली कधी नोंदली गेली ते विचारलं. छुसोकच्या आदल्या दिवशी, दुपारी. त्या दुपारी ती कुठे होती हे विचारायचीही गरज नव्हती. आमच्याकडे त्या दुपारी सगळ्या सुना कुठे असतात हे पोरासोरांना ठाऊक असतं. ती जोंग-पिलच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून माशाचे आणि भोपळ्याचे काप पिठात घोळवत होती आणि चुन-ही ते तळत होती.

"तुझा फोन कुणी घेतला होता का?"

"फोन उघडायला माझा चेहरा लागतो. चोरून कोण काय करणार? आणि घरात होतं कोण? धाकटे भाऊजी माझ्याशी बोलतच नाहीत, नवऱ्याच्या वाट्याच्या शेतावरून आमचं बिनसलंय. मोठे भाऊजी मात्र तसे नाहीत." तिचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला. "तीस वर्षांत स्वयंपाकघराचा उंबरा न ओलांडलेला माणूस त्या दिवशी आत आला. माझ्या नाकाला पीठ लागलं होतं. म्हणाले, ओक-जा, अशीच बस, वर बघ, तुझा फोटो काढतो. माझाच फोन घेऊन काढला. सगळे हसलो. नवरा गेल्यापासून त्या घरात माझ्याशी कुणी इतक्या मायेनं बोललं नव्हतं."

पोलिसांनी दिलेलं कॅमेऱ्याचं छायाचित्र तिच्या पिशवीत होतं. गाडी मागून टिपलेली, पांढरी, काचांतून काही दिसत नव्हतं. बंपरखाली काहीतरी काळं लोंबत होतं. मला ती सावली वाटली.

३

सांग-गु पाण्याचे पंप दुरुस्त करतो. मी गेले तेव्हा तो एका पंपाच्या पोटात हात घालून बसला होता आणि त्यानं मान वर केली नाही.

"वहिनीनं धाडलं का?" तो म्हणाला. "बस चालवते म्हणून स्वतःला मोठी शहाणी समजते. पळवली असेल गाडी, आता रडतेय."

तू तिला गाडी नेताना पाहिलंस का, असं मी विचारलं. त्यानं पाहिलं नव्हतं. मग कुणाला पाहिलंस, तर कुणालाच नाही. त्याच्या कानात बोळे, तोंडावर जाळी, हातात यंत्र.

"मध्ये कुणी थोडा वेळ तरी यंत्र धरलं असेल."

"कोण धरणार? दादाचा खांदा निखळलेला, त्याला कप उचलवत नाही. बायकांना ते पेलत नाही. या घरात राबायला मी, आणि आशीर्वाद द्यायला दादा."

"आणि दारू आणायला कोण गेलं होतं?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे बघू लागला. हातातला पाना खाली ठेवला, तेलकट फडक्याला हात पुसले, पुन्हा उचलला.

"दारू घरूनच नेली होती," तो म्हणाला. "निघा आता. गिऱ्हाईक यायचंय."

कुणीही येणार नव्हतं. तो खोटं बोलत होता आणि त्याला ते नीट जमतही नव्हतं.

४

योम जोंग-पिलला मात्र सगळं जमत होतं. दारात आला, लवून नमस्कार केला, आपल्या बागेतली सफरचंदं स्वतः सोलून पुढे ठेवली. डाव्या हातानं सुरी धरत होता, उजवा खांदा खरोखरच आखडलेला होता. शेतकरी सोसायटीचा संचालक. भिंतीवर सत्काराच्या पाट्या. पुढच्या वर्षी अध्यक्षपदाला उभा राहणार, हे गावभर माहीत होतं.

"मी तर नुसता दंड भरून मोकळा होणार होतो," तो हळहळत म्हणाला. "पण ओक-जा सरळ बाई. चूक केली, कबूल केली. आम्हाला विचारलंही नाही. अशी माणसं आता कुठे राहिलीत?"

तिची नोकरी जाईल, असं मी म्हणाले. त्यानं मान हलवली. घरची माणसं आहोत ना आम्ही, म्हणाला, उपाशी नाही ठेवणार. बागेत सफरचंदं निवडायला ये म्हणून तिला सांगितलंय. सहानुभूती तर अशी ओतत होता की मी सफरचंदाची फोड ताटलीत परत ठेवली.

मी उठले. तो दारापर्यंत पोचवायला आला.

"बाई, तिला सांगा, घाबरू नकोस म्हणावं. उद्या यातून आणखी काही निघालं तरी वकील मी देईन."

"आणखी काही म्हणजे काय?"

तो हसला. बोलण्याची एक पद्धत, म्हणाला. आणि दार लावून घेतलं.

५

मी गाडी थेट सोक्चोनला घातली. वेगात टिपली गेलेली गाडी कुठून तरी पळत आली असणार आणि शाळेच्या अलीकडे एकच वस्ती आहे. तिथे एक दुकान आहे. नोव्हेंबर असल्यामुळे रस्ता मोकळा होता, पण दुकानाच्या भिंतीशी गुंडाळून ठेवलेली काळी जाळी मला दिसली आणि मी स्वतःला एक सणसणीत शिवी घातली. सप्टेंबरात इथल्या सगळ्या रस्त्यांच्या कडेला याच जाळ्यांवर लाल मिरच्या वाळत पडलेल्या असतात. बंपरखालचं ते काळं म्हणजे सावली नव्हती.

मी दुकानदारीणबाईंना विचारलं, त्या रविवारी कुणाच्या मिरच्या गाडीखाली गेल्या का?

"गिल-रे आजीच्या," त्या म्हणाल्या. "मिरच्याही गेल्या आणि आजीचं खुब्याचं हाडही. पण तिचा मुलगा म्हणतो, घसरून पडली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात वय. कोण धरतंय तिचं म्हणणं?"

आजी तालुक्याच्या इस्पितळात खिडकीजवळच्या खाटेवर होती. मी शेजारी बसले आणि म्हणाले, आजी, मी तुमचं म्हणणं ऐकायला आलेय. तिनं माझं मनगट पकडलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

गाडी मागून आली. आजी वाळत घातलेल्या मिरच्या खालीवर करत होती. धक्का बसला, ती पडली, मिरच्या तिच्या अंगाखाली. गाडी पुढे जाऊन थांबली, कुणीतरी उतरून आलं, तिच्यावर वाकलं. तोंडाला दारूचा वास येत होता. चेहरा म्हणजे नुसता ढग. पण आवाज चांगला होता, मऊ, शिकल्यासवरल्या माणसाचा.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आई, उठू नका. मी आलोच."

"मग?"

"मग मी उठले नाही," आजी म्हणाली. "ऊन डोक्यावर येईपर्यंत तशीच पडून राहिले. येतो म्हणाला होता ना."

मी इस्पितळाच्या जिन्यात जाऊन बसले. परक्या म्हातारीला तोंडभर आई म्हणायचं, तिला उन्हात टाकायचं आणि डोंगरावर परत जाऊन पूर्वजांपुढे गुडघे टेकायचे!

६

ओक-जाला मी तिच्या खोलीवर गाठलं आणि सगळं मांडलं.

"दुकानातली बाटली आली म्हणजे मध्येच कुणीतरी गाडी घेऊन खाली गेलं. घरची दारू पूजेआधीच कुणीतरी संपवली होती आणि ते झाकायचं होतं. चुन-हीला गाडी येत नाही. तू पीत नाहीस, आणि आजीवर वाकलेला पुरुष दारू प्यायलेला होता. राहिले दोन."

"धाकटे भाऊजी," ती लगेच म्हणाली. "अशा कामाला त्यांनाच पिटाळतात."

"यंत्र एकदाही थांबलं नाही, हे तूच सांगितलंस. ते सांग-गुखेरीज कुणाला धरता येत नाही. ज्याच्या हातात यंत्र होतं तो दुकानात नव्हता."

तिच्या मनात ते उतरत होतं आणि तिला उतरू द्यायचं नव्हतं.

"पण भाऊजींना माझं नाव घालायची गरज काय? दंड भरून मोकळे झाले असते. तुम्हीच म्हणालात."

"हाच तर खरा प्रश्न. ज्याला नुसतं वेगाचं प्रकरण मिटवायचंय तो दंड भरेल. पण त्याच्यामागे जखमी म्हातारी होती. उद्या कुणी तिचं ऐकलं, शाळेचा कॅमेरा तपासला, तर ही गाडी निघणार आणि पहिला प्रश्न येणार, चालवत कोण होतं? त्याचं उत्तर सरकारदप्तरी आधीच लिहून ठेवायचं होतं. तीस दंडगुण ही तुझी शिक्षा नव्हतीच, ओक-जा. त्या वेळी त्या रस्त्यावर गाडीत तू होतीस, याची ती पावती आहे. पुढे तुला तुरुंगात पाठवायला ठेवलेली."

"माझा चेहरा कसा मिळाला त्यांना?"

मी म्हणाले, "छुसोकच्या आदल्या दिवशीचा तो फोटो दाखव."

तिनं फोन काढला. फोटो वर सरकवले, खाली सरकवले. बसचे फोटो, नवऱ्याच्या समाधीचा एक, आकाशकंदिलासारख्या पिकलेल्या पर्सिमनच्या फळांचा एक. पुन्हा वर, पुन्हा खाली. पीठ लागलेल्या नाकाचा फोटो नव्हता. तिचे हात भरलेले होते, तिनं नुसती मान वर केली होती आणि फोननं तिला ओळखलं होतं, दोन वेळा, एकदा उघडताना आणि एकदा कबूल करताना.

"काढलाच नाही," ती म्हणाली. मग फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

७

मी जोंग-पिलला फोन केला. म्हणाले, तुमचं खरं निघालं, यातून आणखी काही निघालंय. मिरचीवाल्या आजीचं प्रकरण. ओक-जा घाबरून सगळं कबूल करायला तयार आहे. घरातले वडीलधारे म्हणून तुम्ही येऊन आजीशी समेटाचं बोललात तर बरं होईल. सकाळी इस्पितळात या.

तो येणार याची मला खात्री होती. अशी माणसं माफी मागण्याची संधी सोडत नाहीत, चूक दुसऱ्याची असली म्हणजे. आजीचा मुलगा आणि ठाण्यातला हवालदार कू यांना मी आधीच बोलावून ठेवलं होतं. दोघे शेजारच्या खाटेपाशी पाहुण्यांसारखे बसले. आजीला मी काही म्हणजे काहीच सांगितलं नव्हतं.

जोंग-पिल काळ्या कोटात आला. हातात जिन्सेंगच्या टॉनिकच्या बाटल्यांची पेटी, मागे खाली मान घातलेला सांग-गु. खाटेच्या पायथ्याशी ओक-जा उभी होती, तिच्या खांद्यावर त्यानं जाता जाता मायेनं थोपटलं. दारात कुणी आल्याचं आजीला जाणवलं आणि ती कोपरावर भार देऊन उठू लागली.

जोंग-पिल झटकन पुढे झाला, वाकला.

"आई, उठू नका."

आजी तशीच थांबली. अर्धी उठलेली. मग तिनं हात पुढे करून चाचपडत त्याची बाही पकडली.

"आलास होय?" ती म्हणाली. "किती वाट पाहायला लावलीस रे."

जोंग-पिल हसायला गेला. आजींचा काहीतरी गैरसमज होतोय, म्हणाला, वय झालंय. हवालदार कू तेव्हा उठून उभा राहिला. जोंग-पिलनं धाकट्या भावाकडे पाहिलं, बोल काहीतरी, अशा नजरेनं.

सांग-गु बोलला. "दादाच गेला होता दारू आणायला," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "घरची दारू त्यानंच संपवली होती. पूजा झाल्यावर गाडीखालची जाळी मी ओढून काढली. मला वाटलं, मिरच्याच गेल्या असतील."

"वाटलं? आणि विचारलं नाहीस?" मी म्हणाले. मला त्याच्या थोबाडीत द्यायची होती, ती मी दिली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आजी बाही सोडायला तयार नव्हती. तिच्या मुलानं हलकेच तिची बोटं सोडवली. तो रडत होता. हवालदार जोंग-पिलला दाराकडे नेऊ लागला तेव्हा ओक-जा मध्ये येऊन उभी राहिली. शिव्या देईल असं मला वाटलं, आणि द्याव्यात असंही वाटत होतं. पण तिचा आवाज चढलासुद्धा नाही.

"भाऊजी, फसवायचंच होतं तर फसवायचं होतं," ती म्हणाली. "पण तो फोटो तरी खरंच काढायचा होता."

इतक्या पाट्या मिळवलेला तो माणूस हवालदाराच्याही पुढे होऊन दाराबाहेर पडला.

ओक-जाच्या नावावरचे तीस गुण पुसले गेले. ते पुसायला सरकारदरबारी किती खेटे घालावे लागले ते लिहायला बसले तर माझं रक्त पुन्हा उकळेल, म्हणून सोडून देते. पंधरा राहिले. ते माझेच आहेत, म्हणाली. करार झाला, मालकाचा भाचा अजून तोंड फुगवून फिरतो.

डिसेंबरातल्या पहिल्या सकाळी मी डेपोत गेले. ती चाकामागे बसलेली होती, हातांवर पांढरे हातमोजे. मी म्हणाले, ओक-जा, वर बघ. तिचा चेहरा क्षणभर दगडासारखा झाला. मग तिनं वर पाहिलं.

मी माझ्या फोनवर फोटो काढला आणि ती बस सुरू करायच्या आत तिला पाठवून दिला.